पांढरा बूट आणि रंगीत बूट : स्नीकर्सच्या दोन परंपरा

रोजच्या वापराचे स्नीकर्स घ्यायला दुकानात गेले की गिऱ्हाईकासमोर दोन कुळांतले बूट मांडले जातात. एका कुळात पांढरा, करडा किंवा काळा असा एकच रंग, चापट तळ आणि शोधावी लागेल इतकी लहान खूण. दुसऱ्या कुळात लाल-काळ्या किंवा पिवळ्या-हिरव्या रंगांची जोडणी, जाड तळ आणि रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येणारे चिन्ह. साधा घ्यावा की उठावदार, हा प्रश्न आज केवळ आवडीचा वाटतो. पण दोन्ही कुळांमागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. साधेपणा मुळात खेळाच्या मैदानावरचा नियम होता. रंग आधी कारखानदारांची गरज म्हणून आला आणि पुढे नियमाला दिलेले आव्हान बनला. आज हे दोन्ही बूट सारख्याच किमतीत शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात, ते या इतिहासातून वाट काढत आले आहेत.

रबर आणि हिरवळ

स्नीकरची सुरुवात रबराच्या तळापासून होते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत तडकते, म्हणून पादत्राणासाठी ते निरुपयोगी होते. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक याने याच सुमारास पेटंट मिळवले. या प्रक्रियेने रबर टिकाऊ आणि लवचीक झाले. मग कॅनव्हासचा वरचा भाग आणि रबराचा तळ असे हलके, स्वस्त बूट तयार होऊ लागले.

इंग्लंडमध्ये हे बूट आधी समुद्रकिनाऱ्यावर फिरायला वापरले जात. कॅनव्हास आणि तळ यांचा सांधा झाकण्यासाठी भोवती रबराची आडवी पट्टी असे. जहाजात किती माल भरावा याची मर्यादा दाखवणाऱ्या रेषेसारखी ती दिसे. या रेषेसाठी सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराने लढा दिला आणि १८७६ च्या कायद्याने ती बंधनकारक झाली. त्याच्या नावावरून बुटांनाही ‘प्लिमसोल’ म्हणू लागले. अमेरिकेत ‘स्नीकर’ हा शब्द रूढ झाला, कारण रबराच्या तळामुळे पावलांचा आवाज होत नसे आणि चोरपावलांनी चालता येई. ब्रिटनमध्ये पुढे सरावासाठीचे बूट या अर्थाने ‘ट्रेनर्स’ हा शब्द आला.

या बुटांना पांढरा रंग मिळाला तो टेनिसमुळे. वॉल्टर विंगफील्ड याने १८७४ मध्ये लॉन टेनिसचे पेटंट घेतले आणि १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. हिरवळ खराब होऊ नये म्हणून खेळाडूला सपाट रबरी तळाचे बूट लागत. तेव्हाच्या इंग्रजी उच्चवर्गात घामाचे डाग दिसणे असभ्य मानले जाई, आणि पांढऱ्या कपड्यांवर ते कमी उठून दिसत. म्हणून टेनिसचा सगळा पोशाख पांढरा ठरला आणि बूटही त्यात आले. या पांढऱ्या रंगाला आणखी एक अर्थ होता. मातीतल्या कामात पांढरे कपडे आणि पांढरे बूट एक दिवसही टिकत नाहीत. ते स्वच्छ ठेवायला फुरसत लागते, नाहीतर नोकर लागतात. आज साधा समजला जाणारा पांढरा बूट त्या काळी सुखवस्तूपणाची खूण होता.

अमेरिकेत मार्क्विस कॉन्व्हर्स याने १९०८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील माल्डन येथे रबरी बुटांची कंपनी काढली. १९१६ मध्ये ‘केड्स’ आणि १९१७ मध्ये कॉन्व्हर्सचा बास्केटबॉलसाठीचा ‘ऑल स्टार’ बाजारात आला. चक टेलर हा खेळाडू आणि विक्रेता गावोगावी बास्केटबॉलची शिबिरे घेत या बुटाचा प्रसार करी. १९३० च्या दशकात घोट्यावरच्या गोल खुणेत त्याची सही आली. हा बूट बराच काळ मुख्यतः काळा किंवा पांढरा मिळे. पहिल्या पिढीतले स्नीकर्स असे साधेच होते, कारण संघाच्या पोशाखात बुटाने वेगळे दिसावे अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

पट्ट्यांचा उगम

बूट लांबून ओळखता आला पाहिजे, ही कल्पना जर्मनीत मूळ धरून वाढली. बव्हेरियातील हेर्त्सोगेनाउराख या लहान गावात आडोल्फ आणि रुडॉल्फ डासलर या भावांचा खेळाच्या बुटांचा कारखाना होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जेसी ओवेन्स त्यांच्या कारखान्यातले काटेरी तळाचे बूट घालून धावला. दुसऱ्या महायुद्धानंतर भावांचे फाटले. रुडॉल्फने १९४८ मध्ये ‘पुमा’ आणि आडोल्फने १९४९ मध्ये ‘आदिदास’ सुरू केली. गावाचीही दोन तटांत विभागणी झाली. समोरच्या माणसाशी बोलण्याआधी त्याच्या पायांकडे पाहायची तिथल्या लोकांना सवय लागली आणि ‘खाली मान घातलेल्यांचे गाव’ असे त्याला नाव पडले.

बुटाच्या दोन्ही अंगांना चामड्याच्या पट्ट्या शिवण्याची रीत मूळची उपयोगाची होती. पळताना पायाला बाजूने आधार मिळे आणि चामडे ताणले जात नसे. तीन पट्टे आधी फिनलंडच्या ‘कारहू’ कंपनीच्या बुटांवर होते. त्यांचे हक्क आदिदासने विकत घेतले. गडद चामड्यावर पांढरे पट्टे बसवले की वृत्तपत्रातल्या छायाचित्रातही बूट कोणाचा ते कळे. पुमानेही १९५८ पासून आपली वळणदार पट्टी बुटाच्या बाजूला लावली. आधारासाठी शिवलेली पट्टी अशा रीतीने कंपनीची ओळख झाली. पुढे दूरचित्रवाणी घरोघरी पोचली तशी या ओळखीची किंमत वाढत गेली. उठावदार बुटाचे मूळ या व्यवहारात आहे. खेळाडूच्या पायांवर लक्षावधी लोकांचे डोळे असतात, हे कारखानदारांनी ओळखले होते.

साधेपणाचा नमुना

याच आदिदासने साध्या बुटाचा सर्वांत गाजलेला नमुनाही घडवला. १९६० च्या दशकाच्या मध्यात कंपनीने टेनिससाठी कॅनव्हासऐवजी चामड्याचा बूट काढला आणि त्याला रोबेर हाइये या फ्रेंच खेळाडूचे नाव दिले. पांढऱ्या पोशाखाच्या खेळात रंगीत पट्टे चालणार नव्हते. म्हणून बुटाच्या बाजूला पट्ट्यांच्या जागी बारीक छिद्रांच्या तीन रांगा ठेवल्या गेल्या. त्यांतून हवाही खेळे. रंग म्हणावा तर टाचेवर हिरवा तुकडा, एवढाच. हाइये निवृत्त झाल्यावर अमेरिकेचा स्टॅन स्मिथ या बुटाशी जोडला गेला. त्याने १९७१ मध्ये अमेरिकन ओपन आणि १९७२ मध्ये विम्बल्डन जिंकले होते. काही वर्षे बुटावर दोघांचीही नावे होती. १९७८ पासून एकट्या स्मिथचे नाव राहिले.

या बुटाच्या रचनेत साध्या स्नीकरचे सगळे गुण सापडतात. वरचा भाग कमीत कमी तुकड्यांचा, शिवण मोजकी, तळ चापट आणि रंगाची एकच लहान जागा. खूण पुसलेली नाही. ती पोत आणि छिद्रांत मुरवली आहे. नंतर आलेले बहुतेक साधे पांढरे चामडी बूट याच आराखड्यावर बेतलेले आहेत.

मैदानातून रस्त्यावर

खेळाचे बूट रोजच्या पोशाखात यायला अनेक वाटा मिळाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच न्यूयॉर्कमधून निघाल्या. न्यूयॉर्क निक्स या बास्केटबॉल संघाचा वॉल्ट फ्रेझर त्याच्या नटण्यासाठी प्रसिद्ध होता. ‘क्लाइड’ हे त्याचे टोपणनाव. पुमाने १९७३ मध्ये त्याच्या नावाने मऊ, लवदार चामड्याचा बूट काढला आणि तो अनेक रंगांत आणला. शहरातल्या तरुणांना आता सदऱ्याला जुळणारा बूट निवडता येऊ लागला. याच वर्षांत ब्रॉन्क्स भागात हिप-हॉप संस्कृती आकाराला येत होती. तिथले नर्तक रुंद, रंगीत नाड्या वापरत आणि बूट दात घासायच्या ब्रशने स्वच्छ ठेवत. महागडी मोटार किंवा घर परवडत नसलेल्या वस्तीत नवाकोरा दिसणारा बूट ही स्वाभिमानाची गोष्ट होती.

दुसरी वाट कचेरीतून निघाली. एप्रिल १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या बस आणि भुयारी रेल्वेचा संप ११ दिवस चालला. कचेरीत जाणाऱ्या असंख्य स्त्रिया सूटवर खेळाचे बूट घालून चालत निघाल्या आणि उंच टाचांचे बूट पिशवीत नेऊ लागल्या. संप मिटला, पण सवय राहिली. १९८२ मध्ये रीबॉकने एरोबिक्स करणाऱ्या स्त्रियांसाठी ‘फ्रीस्टाइल’ आणला. मऊ चामड्याचा हा बूट व्यायामशाळेबाहेरही सर्रास दिसू लागला.

तिसरी वाट संगीताची. रन-डीएमसी हा गट आदिदासचा ‘सुपरस्टार’ बूट नाडी न बांधता घाली. १९८६ मध्ये त्यांनी या बुटावर गाणे केले. त्या वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी आपापले बूट हातात धरून उंचावले आणि कंपनीने या गटाशी करार केला. खेळाडू नसलेल्या कलाकारांशी बुटाच्या कंपनीने केलेला हा पहिला मोठा करार मानला जातो. स्नीकर विकायला खेळाची गरज उरली नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

लाल-काळा बूट

उठावदार बुटाच्या इतिहासातले निर्णायक वर्ष १९८५ हे होय. त्याआधीच्या वर्षी नाइकीने मायकेल जॉर्डन या नवोदित खेळाडूशी करार केला होता. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचा, एनबीएचा, पोशाखाविषयीचा नियम कडक होता. बूट बहुतांश पांढरा आणि संघातल्या इतरांशी जुळणारा हवा. जॉर्डनने शिकागो संघाच्या रंगांचा लाल-काळा बूट घातल्यावर संघटनेने फेब्रुवारी १९८५ मध्ये नाइकीला आक्षेपाचे पत्र पाठवले. ज्या बुटावर आक्षेप आला तो ‘एअर जॉर्डन’ नसून नाइकीचाच आधीचा ‘एअर शिप’ असावा, असे जाणकार मानतात. कंपनीने मात्र या बंदीचीच जाहिरात केली. पीटर मूर याने रेखलेला ‘एअर जॉर्डन’ विक्रीला आला आणि पहिल्याच वर्षात सुमारे १२.६ कोटी डॉलरचा धंदा झाला.

या घटनेने रंगाचा अर्थ बदलला. तोपर्यंत रंग संघाची किंवा कंपनीची ओळख सांगत होता. आता तो घालणाऱ्याची वृत्ती सांगू लागला. लाल-काळा बूट घालणे म्हणजे नियम मोडणाऱ्याच्या बाजूने उभे राहणे, असा त्याचा अर्थ झाला. साध्या बुटालाही त्यामुळे नवा अर्थ आला. ज्याला रंग निवडता येतो आणि तरी जो पांढरा निवडतो, त्याचा पांढरा रंग आता नियम म्हणून घातलेला राहत नाही.

१९८७ मध्ये नाइकीच्या टिंकर हॅटफील्डने उठावदारपणा रंगातून बांधणीत नेला. तो शिक्षणाने वास्तुविशारद. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या इमारतीत नळ आणि जिने बाहेरच्या बाजूला उघडे ठेवलेले आहेत. ते पाहून त्याने ‘एअर मॅक्स’च्या तळाला खिडकी ठेवली आणि आतली हवेची पिशवी दाखवली. बूट कसा काम करतो हेच त्याचे नक्षीकाम झाले. जाड, थराथरांच्या तळांची फॅशन या खिडकीतून सुरू होते.

पांढऱ्या रंगालाही रस्त्यावर नवे घर मिळाले. नाइकीचा १९८२ चा ‘एअर फोर्स १’ बंद होण्याच्या वाटेवर होता. बाल्टिमोरच्या दुकानदारांनी त्याचे नवे रंग मागवून त्याला जिवंत ठेवले. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्याचे संपूर्ण पांढरे रूप सर्वांत लोकप्रिय झाले. विम्बल्डनच्या हिरवळीवर शिष्टाचार म्हणून आलेला पांढरा बूट हार्लेममध्ये डाग न पडू देण्याच्या ईर्ष्येने घातला जात होता.

भारतातला पांढरा बूट

भारतात पांढरा कॅनव्हास बूट शाळेच्या वाटेने आला. १९३० च्या दशकात बाटा कंपनीने कोलकात्याजवळ बाटानगर वसवले आणि तिथे तयार झालेले स्वस्त कॅनव्हास बूट देशभर पोचले. महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत शनिवारची सकाळची शाळा, कवायत आणि पांढरे ‘पीटीचे बूट’ हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आदल्या रात्री बूट धुवायचे, ओल्या खडूने किंवा पांढऱ्या पॉलिशने रंगवायचे आणि सकाळपर्यंत वाळत ठेवायचे, हा घरोघरचा क्रम होता. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या संचलनालाही हेच बूट लागत. इथे पांढरा बूट सुखवस्तूपणाची खूण कधीच नव्हता. तो गणवेश होता. डाग दिसला तर छडी मिळे.

त्यामुळे भारतात रंगीत बुटाची ओढ वेगळ्या कारणाने निर्माण झाली. १९८० च्या दशकात देशी कंपन्यांचे पट्टे असलेले ‘स्पोर्ट्स शूज’ आले आणि १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर काही वर्षांतच रीबॉक, नाइकी, आदिदास यांची दुकाने शहरांत उघडली. ज्यांचे बालपण खडू लावलेल्या बुटात गेले, त्यांच्यासाठी रंगीत बूट म्हणजे गणवेशातून सुटका होती. म्हणूनच पांढरा स्नीकर जगभर पुन्हा फॅशनमध्ये आला तेव्हा इथल्या मोठ्या वयाच्या माणसांना त्यात शाळा दिसली आणि तरुणांना नवेपण दिसले.

दोन टोके

एकविसाव्या शतकात दोन्ही परंपरा आपापल्या टोकाला गेल्या. २००४ मध्ये ‘कॉमन प्रोजेक्ट्स’ या कंपनीने इटलीत शिवलेला चामडी बूट आणला. टाचेजवळ सोनेरी आकड्यांची एक लहान ओळ, बाकी काहीही नाही. साधेपणा पुन्हा एकदा महाग झाला. आदिदासने स्टॅन स्मिथची विक्री काही काळ थांबवली आणि जानेवारी २०१४ मध्ये तो परत आणला. फॅशनच्या जगातल्या नामवंतांच्या पायांत तो आधीच दिसू लागला होता. आता तो कचेऱ्यांत आणि लग्नसमारंभांतही पोचला.

दुसऱ्या टोकाला २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये नाइकीच्या शेकडो खेळाडूंनी एकाच झगझगीत पिवळ्या-हिरव्या रंगाचे बूट घातले. दिवसाच्या प्रकाशात माणसाचा डोळा याच पट्ट्यातल्या रंगाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. त्यामुळे कोणत्याही देशाचा पोशाख असला तरी नजर बुटावर जाई. २०१७ मध्ये बालेन्सियागाच्या ‘ट्रिपल एस’ने अनेक तळ एकावर एक रचल्यासारखा अवजड बूट श्रीमंती फॅशनमध्ये आणला आणि पुढची काही वर्षे बाजारात जाड तळांचा सुकाळ झाला.

मैदानांनीही आपापली बाजू घेतली. विम्बल्डनने १९६३ मध्ये पोशाख मुख्यतः पांढरा आणि १९९५ मध्ये जवळजवळ पूर्ण पांढरा असावा असे ठरवले. २०१३ मध्ये रॉजर फेडरर नारिंगी तळाचे बूट घालून उतरला, तेव्हा त्याला ते पुन्हा न घालण्यास सांगण्यात आले. २०१४ च्या नियमात तळ आणि नाड्याही पांढऱ्या असाव्यात असे स्पष्ट झाले. एनबीएने उलट वाट धरली आणि २०१८-१९ च्या हंगामापासून बुटांच्या रंगावरचे निर्बंध उठवले.

निवडीचा अर्थ

या इतिहासातून रोजच्या निवडीचे काही निकष हाती लागतात. साधा बूट सगळ्या पोशाखाचा भाग होण्यासाठी घडवला गेला. म्हणून तो कुर्ता, जीन्स, साडी किंवा कचेरीतली पँट यांपैकी कशाखालीही बसतो आणि वर्षानुवर्षे जुना वाटत नाही. उठावदार बूट नजर खेचण्यासाठी घडवला गेला. म्हणून त्याच्याबरोबरचे कपडे शांत असले तर तो शोभतो आणि कपडेही तितकेच रंगीत असले तर दोघांची ओढाताण होते. रंगीत बुटातला एखादा रंग सदऱ्यात किंवा पिशवीत आला की मेळ जमतो. क्लाइडच्या काळापासून न्यूयॉर्कचे तरुण हेच करत आले.

देखभालीचा फरकही जुनाच आहे. पांढरा बूट आजही वेळ मागतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पांढरा कॅनव्हास किंवा लवदार चामडे चार महिने कपाटात ठेवणेच बरे. गुळगुळीत चामडे ओल्या फडक्याने पुसता येते. गडद, अनेकरंगी बूट चिखलाचे डाग लपवतो, पण त्याची फॅशन लवकर उतरते. ज्याला एकच जोड परवडतो त्याने गुळगुळीत चामड्याचा साधा बूट घ्यावा. तो सर्वांत जास्त दिवस आणि सर्वांत जास्त प्रसंगी उपयोगी पडेल. दुसरा जोड घेण्याची ऐपत आली की तो मनाजोगत्या रंगाचा घ्यावा. हिरवळीवरचा नियम आणि कवायतीचा गणवेश या दोन्हींतून सुटून रोजच्या बुटाचा रंग घालणाऱ्याच्या हाती यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली आहेत, आणि तो हक्क वापरण्याजोगा आहे.